आईकडचे पणजोबा स्कॉटिश असतील, तर मी किल्ट घालू शकतो का आणि कोणता टार्टन निवडावा?

आपल्या आईचे आजोबा स्कॉटलंडहून मुंबईला आले होते, एवढेच घरात माहीत आहे. त्या नात्याने किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा पोशाख, घालण्याचा हक्क आपल्याला पोहोचतो का, आणि पोहोचत असल्यास कोणत्या घराण्याचा टार्टन, म्हणजे कापडावरील रंगीत चौकडीचा नमुना, घ्यावा, असे आपण विचारले आहे. हक्काचा प्रश्न आधी निकालात काढतो. किल्ट घालण्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही, रक्ताचे नाते लागत नाही, आणि एखाद्या कुळाचा टार्टन त्या कुळाबाहेरच्या माणसाने वापरू नये असा कायदाही नाही. राजघराण्यासाठी राखून ठेवलेल्या बाल्मोरल टार्टनसारखे मोजके अपवाद पाळले, की बाकी सर्व आपल्या आवडीवर आणि विवेकावर आहे. कोणता टार्टन, हे मात्र पणजोबांचा शोध घेतल्याशिवाय ठरवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या आईचे आजोबा डंडी शहरातून येऊन परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले आणि त्यांनी एका मराठी ख्रिस्ती मुलीशी लग्न केले. नोकरीनिमित्त मी एडिंबरोला आलो, तेव्हा त्यांच्याविषयी माझ्याजवळ आडनाव आणि अंदाजे साल यांखेरीज काहीही नव्हते. आज मी लग्नसमारंभात आणि सणावाराला किल्ट घालतो, आणि त्यामागे कोणती माणसे उभी आहेत हे मला ठाऊक आहे.

शोधाची सुरुवात मुंबईच्या बाजूने करावी. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या चर्चमधील नोंदींच्या प्रती मुंबई इलाख्यातून लंडनला पाठवल्या जात असत आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत. त्यांतील बराच भाग फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर पाहता येतो. मुंबईतील स्कॉटिश मंडळी काळा घोड्याजवळच्या सेंट अँड्र्यूज कर्क या स्कॉटिश चर्चमध्ये जात असत, म्हणून तेथील विवाहांकडे विशेष लक्ष द्यावे. विवाहाच्या नोंदीत वराचे वय आणि वडिलांचे नाव मिळाले, की स्कॉटलंडमधील जन्माचे साल दोन-तीन वर्षांच्या अंतरात आणता येते. लग्न चर्चमध्ये झालेच नसेल, तर हा मार्ग बंद होतो. त्या काळातील अनेक भारतीय स्त्रियांची नावे कोणत्याच वहीत चढली नाहीत, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

पुढचा शोध मात्र इंग्लंडच्या तुलनेत फार सुखाचा आहे. १ जानेवारी १८५५ पासून स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी सक्तीची झाली, आणि या नोंदी असाधारण तपशीलवार आहेत. विवाहाच्या नोंदीत दोन्ही पक्षांच्या आई-वडिलांची नावे असतात. मृत्यूच्या नोंदीतही आई-वडील आणि आईचे माहेरचे आडनाव असते. १८६१ पासूनच्या जन्माच्या नोंदीत आई-वडिलांचे लग्न कोठे व कधी झाले हेही लिहिलेले असते. अशा रीतीने एका कागदावरून मागच्या पिढीच्या कागदाकडे जाता येते. १८५५ पूर्वीसाठी पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीच्या, जुन्या वह्या आहेत, आणि १८४१ पासून दर दहा वर्षांची जनगणना आहे. हे सर्व स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून पाहता येते. खाजगीपणाच्या नियमामुळे जन्माच्या नोंदींची चित्रे शंभर वर्षांनंतर, विवाहाची पंचाहत्तर आणि मृत्यूची पन्नास वर्षांनंतरच ऑनलाइन खुली होतात; परंतु आपल्या पणजोबांच्या बाबतीत याची अडचण येण्याचे कारण नाही.

पणजोबांच्या जन्मनोंदीचे मूळ चित्र मी उघडले, तेव्हा वडिलांच्या व्यवसायाच्या जागी ‘पॉवरलूम टेंटर’, म्हणजे यंत्रमागांची देखभाल करणारा कारागीर, असे तपकिरी शाईत लिहिलेले होते. आई-वडिलांच्या विवाहाच्या नोंदीत आईचा व्यवसाय ताग कातणारी असा होता, आणि तिच्या आईच्या मृत्यूची खबर देणाऱ्या स्त्रीच्या सहीच्या ठिकाणी केवळ एक फुली होती. शेजारी कारकुनाने ‘तिची खूण’ असे लिहिले होते. डंडीच्या गिरण्यांत बंगालमधून येणारा ताग देवमाशाच्या तेलाने मऊ करून कातला जाई, आणि तेथील कामगारांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते, हे मी पुस्तकांत वाचले होते. परंतु ती फुली पाहिल्यावर त्या वाचनाला माझ्या घरचे माणूस मिळाले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. माझे हे पूर्वज सखल प्रदेशातील गिरणी कामगार होते. त्यांनी आयुष्यात किल्ट घातला असण्याची शक्यता फार कमी आहे. किल्ट हा मुळात उत्तरेकडील डोंगराळ हायलँड्सचा, गेलिक बोलणाऱ्यांचा पोशाख. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या, म्हणजे जॅकोबाइटांच्या, बंडाचा पाडाव झाल्यावर पार्लमेंटने या पोशाखावर बंदी घातली, ती १७८२ मध्ये उठली. मधल्या काळात तो कायदेशीरपणे टिकला तो सैन्यातील हायलँड पलटणींमध्ये. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला असता कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी स्वागताचा सारा थाट टार्टनमध्ये घडवला, आणि तेव्हापासून हा पोशाख साऱ्या स्कॉटलंडचा मानला जाऊ लागला. ‘प्रत्येक कुळाचा प्राचीन टार्टन’ ही कल्पनाही बरीचशी याच काळातली आहे. १८१५ मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळप्रमुखांकडून टार्टनचे नमुने मागवले, तेव्हा आपला नमुना कोणता हे अनेक प्रमुखांनाच ठाऊक नव्हते. बॅनॉकबर्नच्या विल्सन या विणकर पेढीने विकलेल्या अनेक नमुन्यांना कुळांची नावे मागाहून चिकटली. म्हणून ही परंपरा खोटी ठरते, असे मला वाटत नाही. दोनशे वर्षे लोकांनी ज्या वस्त्रात लग्ने केली आणि आप्तांना निरोप दिला, ते वस्त्र त्यांचेच आहे.

याच कारणाने दुकानातील तक्त्यावर आडनाव शोधून टार्टन घेऊ नये. मिलर हे आडनाव त्या तक्त्यांत मॅकफार्लेन कुळाखाली दाखवतात, परंतु गिरणीवाले म्हणजे मिलर गावोगावी होते आणि त्यांचा एकमेकांशी संबंध असण्याचे काही कारण नाही. पूर्वज हायलँड्समधील निघाले आणि आडनावाचा कुळाशी संबंध कागदावर दिसला, तर कुळाचा टार्टन आनंदाने घ्यावा. आईकडून आलेले नाते असले तरी त्यात काही कमी नाही. एरवी गावाचा किंवा जिल्ह्याचा टार्टन अधिक खरा. मी डंडीच्या नावाचा टार्टन निवडला. नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड ही संस्था सांभाळत असलेल्या स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्समध्ये हे सर्व नमुने विनामूल्य शोधता येतात.

मराठी माणसाने हे वस्त्र घालताना आणखी एक इतिहास विसरू नये असे मला वाटते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांविरुद्ध लढलेल्या इंग्रजी सैन्यात ७४ वी आणि ७८ वी या दोन हायलँड पलटणी होत्या, आणि त्या विजयाची खूण म्हणून पुढे त्यांच्या निशाणांवर हत्तीचे चिन्ह आले. माझ्या घरात या लढाईच्या दोन्ही बाजू आहेत. मला त्यांतली कोणतीही लपवायची नाही.

आता प्रत्यक्ष वस्त्राविषयी. चांगला किल्ट सुमारे आठ वार लोकरी कापडाचा असतो, आणि निऱ्या मागे, सपाट पदर पुढे अशी त्याची रचना असते. कमरेचे माप विजारीच्या पट्ट्याशी घेऊ नये, बेंबीच्या उंचीवर घ्यावे, आणि खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर यावी. डावा पदर उजव्या पदरावर येतो. किल्टची पिन केवळ वरच्या पदरात लावतात; दोन्ही पदर एकत्र टोचल्यास कापड ओढले जाऊन फाटते. स्पोरन ही चामडी थैली पुढे, पट्ट्याच्या खाली वीतभर अंतराच्या आत लोंबते. मोज्यात खोचायची लहान सुरी विमानप्रवासात चेक-इन सामानातच ठेवावी, आणि भारतात ती नसली तरी चालते.

हाताने शिवलेल्या किल्टला काहीशे पौंड पडतात आणि शिवायला अनेक आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या समारंभासाठी तो भाड्याने घेणे उत्तम. मुंबईच्या उन्हाळ्यात जाड लोकर सोसणार नाही. ३० नोव्हेंबरचा सेंट अँड्र्यूज दिन किंवा २५ जानेवारीची, कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या स्मरणाची, बर्न्स रात्र असा थंडीतला दिवस निवडावा. तोपर्यंत आपल्या आजीच्या बाप्तिस्म्याचा दाखला घरात कोणाकडे आहे का, हे विचारून ठेवावे. त्यावर तिच्या वडिलांचे पूर्ण नाव आणि व्यवसाय असेल, तर स्कॉटलंड्सपीपलवर कोणत्या साली आणि कोणत्या पॅरिशमध्ये शोधावे हे मी येथेच आपल्याला सांगू शकेन.