गागारिन यानातून उतरला की यानाबाहेर?

प्रश्न : माझा नातू म्हणतो, गागारिन यानात बसून जमिनीवर आलाच नाही, वाटेतच त्याने उडी मारली. आमच्या शाळेत असं कोणी सांगितलं नव्हतं. खरं काय?
– एक आजोबा, गंगापूर रोड

अंतराळात गेलेल्या या पहिल्या माणसाबद्दल नातू बरोबर सांगतोय. फक्त उडी म्हणू नका, त्याला खुर्चीसकट बाहेर फेकलं गेलं. 12 एप्रिल 1961 ला त्याचं व्होस्तोक यान पृथ्वीभोवती एक फेरी मारून परतलं, सगळा प्रवास 108 मिनिटांचा. जमीन सात किलोमीटर खाली असताना कुपीचं झाकण उडालं आणि पाठोपाठ गागारिनची खुर्ची बाहेर पडली. ती कुपी म्हणजे धातूचा गोळा. पॅराशूट असूनही तो जमिनीवर जोरात आदळायचा, आतला माणूस जायबंदी होण्याची भीती होती. म्हणून माणूस वेगळा, गोळा वेगळा. गागारिन साराटोव्ह भागातल्या शेतात उतरला. तिथे बटाटे लावणारी आन्ना ताख्तारोवा आणि तिची छोटी नात रीता त्या नारिंगी पोशाखातल्या माणसाला बघून घाबरल्याच.

मग हे लपवलं कशासाठी? उड्डाणांचे विक्रम नोंदवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा तेव्हा नियम असा होता, की वैमानिकाने यानासकटच उतरलं पाहिजे. विक्रम हातचा जाईल म्हणून सोव्हिएत अधिकारी कित्येक वर्षं गप्प राहिले. मला विचाराल तर त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. मी ओझरच्या विमान कारखान्यात इजेक्शन सीटच्या, म्हणजे वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या अशाच खुर्चीच्या, कामावर नोकरी काढली, तेव्हा माझा पक्षपात गृहीत धरा. यान कुठलंही असो, इंजिनाआधी मी बाहेर पडायची वाट शोधतो.

व्होस्तोकमधले सहाही जण असेच उतरले, 1963 मध्ये पहिली महिला अंतराळवीर तेरेश्कोवासुद्धा. पुढच्याच वर्षी मात्र सोव्हिएत मंडळींना एकदम तीन माणसं पाठवायची हौस आली. गोळा जवळपास तोच, जागा तेवढीच. मग इजेक्शन सीट काढली, आणि तिघांना अंतराळपोशाखाविनाच बसवलं. ऑक्टोबर 1964 मधलं हे व्होस्खोद सुखरूप परतलं आणि पुस्तकांत विक्रम म्हणून नोंदलं गेलं. माझ्या लेखी माणसाच्या उड्डाणांतला सर्वांत बेफिकीर निर्णय तो.

प्रश्न : रॉकेटच्या टोकावर सुळक्यासारखं काय असतं? रॉकेट जमिनीवरच पेटलं तर अंतराळवीर काय करतात?
– अकरावीतली विद्यार्थिनी, सिन्नर

तो सुळका म्हणजे एक स्वतंत्र छोटं रॉकेट, घन इंधनाचं. खालच्या मोठ्या रॉकेटचं बिनसलं, की ते माणसांच्या कुपीला उचलून दूर नेतं. घन इंधन एवढ्यासाठी की ते क्षणात पेट घेतं. द्रव इंधनाच्या इंजिनाचे पंप वेगात येईपर्यंत थांबायला वेळ कुणाकडे असतो!

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 26 सप्टेंबर 1983 च्या रात्री बैकानूरच्या सोव्हिएत प्रक्षेपणतळावर मिळालं. सोयुझ यानात व्लादिमिर तितोव आणि गेन्नादी स्त्रेकालोव बसलेले, उड्डाणाला जेमतेम दीड मिनिट बाकी. एक झडप बिघडली, इंधन सांडलं आणि रॉकेटच्या बुडाशी आग लागली. यानावर आच्छादन असल्यामुळे आतल्या दोघांना आग दिसत नव्हती. सुटकेचा आदेश नेणाऱ्या तारा जळून गेल्या होत्या. उरला रेडिओ, आणि त्यासाठी दोन वेगवेगळ्या माणसांनी आपापलं बटण दाबणं गरजेचं होतं. यात दहाएक सेकंद गेले. सुळका पेटला, कुपी वर उचलली गेली आणि अवघ्या दोन सेकंदांत खाली स्फोट झाला. दोघांच्या अंगावर काही क्षण स्वतःच्या वजनाच्या चौदा ते सतरा पट भार आला. चारेक किलोमीटरवर ते उतरले. अंग ठेचकाळलं होतं, पण जीव शाबूत.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये या दोघांचं यान अँटेना तुटल्यामुळे अवकाशस्थानकाला न जोडताच परतलं होतं. एवढं सोसूनही 3 एप्रिल 1984 ला स्त्रेकालोव पुन्हा सोयुझमध्ये बसला. सोबत होते मालिशेव आणि आपले राकेश शर्मा. इंदिरा गांधींशी झालेलं शर्मांचं संभाषण आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. बरोबरचा एक गडी सहा महिन्यांपूर्वी जळत्या रॉकेटवरून सुटून आला होता, हे कोणी सांगत नाही. हेच शर्मा पुढे 1987 ते 1992 ओझरला मुख्य चाचणी वैमानिक होते. तुझ्या आजीआजोबांना विचार, त्यांना आठवत असेल.

सुळका नसला तर काय होतं, तेही सांगतो. गागारिननंतर बरोबर वीस वर्षांनी, 12 एप्रिल 1981 ला, कोलंबिया हे पहिलं अमेरिकी शटल उडालं. त्यात दोन वैमानिक होते, दोघांनाही इजेक्शन सीट होती. चार चाचणी उड्डाणं झाली, माणसं वाढली. खालच्या मजल्यावर बसणाऱ्यांना फेकणार कुठून? म्हणून पुढे सीटच काढून टाकल्या. 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर हे शटल 73 सेकंदांत फुटलं तेव्हा आतल्या सातही जणांना बाहेर पडायला वाटच नव्हती.

इस्रोने गगनयानसाठी माणूस बसवण्याच्या आधीच सुटकेची चाचणी घेतली, त्याचं मला फार बरं वाटलं. 21 ऑक्टोबर 2023 ला श्रीहरिकोट्याहून रिकामी कुपी उडवली, सुमारे 12 किलोमीटर उंचीवर मुद्दाम सोडवली आणि पॅराशूटने समुद्रात उतरवली.

प्रश्न : रॉकेटवर एवढा खर्च कशाला? मोठ्या तोफेतून माणूस का नाही पाठवत?
– निवृत्त तोपची, देवळाली कॅम्प

साहेब, गणित करू. नळी तब्बल एक किलोमीटर लांब धरा. पृथ्वीभोवती फिरायला सेकंदाला सुमारे 8 किलोमीटर वेग लागतो. तो सगळा नळीतच द्यायचा, तर माणसावर त्याच्या वजनाच्या तीन हजार पटींहून जास्त भार येईल. वर सांगितलेले दोघे सतरा पटीतच ठेचकाळले. रॉकेट तोच वेग आठ-नऊ मिनिटांत हळूहळू देतं, म्हणून माणूस टिकतो.

प्रश्न : अंतराळात नाशिकचा चिवडा नेता येईल का?
– एक गृहिणी, पंचवटी

नाही हो. कण तरंगतात, डोळ्यांत आणि यंत्रांत जातात. 1965 मध्ये जेमिनी 3 यानात जॉन यंगने खिशातून चोरून सँडविच नेलं. त्याचे तुकडे सुटायला लागले तशी ते परत खिशात गेलं, आणि पुढे वरिष्ठांची बोलणीही बसली. ब्रेडपेक्षा मऊ पोळी बरी. मेक्सिकोच्या अंतराळवीराने 1985 मध्ये टॉर्टिया, म्हणजे तिकडच्या पोळ्या, नेल्या, तेव्हापासून अमेरिकी यानांत त्या रुळल्या. आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी 2025 मध्ये गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि आमरस नेला. तेव्हा चिवडा घरी ठेवा, पोळी आणि आमरस द्या.