हजेरी नंतर, आधी हळद

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलवर नववीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. विज्ञानाचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर असतो. हजेरी घेऊन फळ्यावर ‘आम्ल म्हणजे काय’ लिहिलं की मागचे बाक पेंगायला लागतात. सुरुवात कशी करू?

उत्तर : ताई, व्याख्येपासून सुरुवात करूच नका. व्याख्या म्हणजे उत्तर, आणि पोरांना अजून प्रश्नच पडलेला नसतो. आपण हळदीच्या पेठेतली माणसं, मग हळदच न्या की वर्गात. आदल्या रात्री पाण्यात कालवून कोऱ्या कागदाला फासा, वाळली की पट्ट्या कापा. वर्गात गेल्यावर काही न बोलता पट्टीवर कपड्याच्या साबणाचं पाणी बोटानं लावा, पिवळं एकदम लाल होतं आणि मागच्या बाकावरची पोरं उठून उभी राहतात. आता लिंबू हातात घ्या, पण पिळू नका. आधी प्रत्येकाला वहीत लिहू दे, लिंबू पिळल्यावर काय होईल. तोंडी विचारलं तर ठरलेली चार पोरंच ओरडतात आणि बाकीचे सुटतात, पण एकदा वहीत लिहिलं की आपलं बरोबर येतंय का ते बघायला प्रत्येकाची मान वर होते. मग पिळा. परत पिवळं!

माझ्या वर्गात एक मुलगी वर्षभर तोंड उघडत नव्हती, ती त्या दिवशी म्हणाली, सर, आई आमटीचा डाग धुते तेव्हा असाच लाल होतो आणि खळबळला की परत पिवळा. मी बाजूला झालो, पुढची दहा मिनिटं तीच बोलत होती. त्यानंतर आम्लारी (साबणासारखा, आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ), दर्शक (रंग बदलून आम्ल की आम्लारी ते दाखवणारा पदार्थ), हळदीतला रंग बदलणारा घटक कर्क्युमिन हे शब्द सांगितले तर पोरांनी आपणहून लिहून घेतले.

भूगोलालाही हेच. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, मग २०१९ च्या पुरात पाणी कुठवर गेलं असेल ते लिहायला लावा. ५७ फुटांच्या वर गेलं होतं. फक्त ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं ती पोरं वर्गात असतील तर आधी त्यांच्याशी बाजूला बोलून घ्या, नाहीतर हा विषय काढू नका.

आणि हजेरी पोरं वहीत लिहीत असताना घ्या, एकेकाकडे बघून होते.