केसांची लावणी झाली, आता पीआरपीचं खत घालायचं का?

गेल्या अंकात केसगळतीवर जाता जाता दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा नुसता पाऊस पडला. त्यातली निम्मी हेअर ट्रान्सप्लांट करून आलेल्यांची, आणि बहुतेकांचा सूर एकच, डॉक्टर, केस लावून आणले, आता पीआरपी (केसांसाठी डोक्यात टोचायची इंजेक्शनं) घ्या म्हणतात, घेऊ का नको? म्हणून यावेळी तेवढेच प्रश्न घेतेय. नावं गाळलीत, कारण एकाने लिहिलंय की सासुरवाडीत अजून कुणाला माहीत नाही.

प्रश्न: डॉक्टरबाई नमस्कार, मी डिचोलीचा, वय ३४. पाच आठवड्यांपूर्वी गोव्याबाहेर जाऊन एफयूई (एकेक मूळ सुटं काढून लावायची पद्धत) करून आलो, २२०० ग्राफ्ट (मुळासकट काढलेले केसांचे पुंजके) बसवले. पहिले पंधरा-वीस दिवस झकास, बारीक बारीक केस उभे दिसत होते, बायको पण म्हणाली शोभतंय. आता गेल्या दहा दिवसांत सगळे झडले, उशीवर केस, टॉवेलवर केस. क्लिनिकला फोन केला तर तिथली बाई म्हणते सहा पीआरपीचं पॅकेज घ्या, याच आठवड्यात पैसे भरले तर सूट. माझे आधीचे पैसे पाण्यात गेले का? आणि अजून एक, आमच्या गावच्या जत्रेला नाटक असतं, मी दरवर्षी काम करतो, यंदा ऐतिहासिक आहे आणि डोक्यावर टोप (केसांचा विग) घालायचाय. दीड महिना आहे. चालेल का?

उत्तर: पैसे पाण्यात गेले नाहीत, आधी श्वास घ्या. तुम्ही डिचोलीचे म्हणजे भाताची लावणी बघितलेली असणार. तरवा उपटून दुसऱ्या शेतात लावला की पहिले काही दिवस कसा पिवळा पडून मान टाकतो, आणि मग जीव धरतो. तसंच हे. डोक्याच्या मागच्या बाजूने मूळ काढून पुढे लावलं की त्याला धक्का बसतो आणि वरचा केस झडतो, साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात. मूळ आत झोपलेलं असतं. तीन-चार महिन्यांनी नवीन केस डोकं वर काढतो, आधी बारीक, कुरळा, ओळखू न येणारा, मग जाड होत जातो, आणि खरा निकाल नऊ महिने ते वर्षभराने. भोवऱ्याजवळचे केस तर कधी कधी दीड वर्ष घेतात. म्हणजे तुम्ही फोन केलात तो अगदी वेळापत्रकाप्रमाणे चाललेल्या गळतीच्या मधोमध. हे क्लिनिकने ऑपरेशनच्या दिवशीच तुम्हाला कागदावर लिहून द्यायला हवं होतं, आणि नेमक्या याच आठवड्यात सूट का असते हे मी सांगायला नको.

आता पीआरपी म्हणजे काय ते सांगते, कारण बऱ्याच जणांना ते बाटलीतून येणारं औषध वाटतं. ते तुमचंच रक्त. दंडातून साधारण २० ते ३० मिली काढतात, रक्त गोठू नये म्हणून आधीच औषध घातलेल्या नळीत घेतात आणि सेंट्रीफ्यूज नावाच्या मशीनमधे गरगर फिरवतात. नळी बाहेर काढली की बघण्यासारखं असतं. तळाला कोकमाच्या आगळासारखा गडद लाल थर, त्यावर सायीसारखी पांढुरकी पातळ रेघ, आणि वर पिवळसर पाणी, तो प्लाझ्मा. त्या रेघेच्या आसपास प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणारे बारीक कण, गोळा झालेले असतात. काही जण एकदाच फिरवतात, काही दोनदा. नॉर्मल रक्तात मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, चांगल्या पीआरपीत ते तीन ते पाच पट, म्हणजे साधारण दहा लाखांच्या घरात हवेत. जखम झाली की हे प्लेटलेट फुटून ग्रोथ फॅक्टर सोडतात, ज्याने रक्तवाहिन्या वाढतात आणि पेशींना कामाला लागायचा निरोप जातो. तेच डोक्यावर बारीक सुईने सेंटीमीटरभर अंतरावर टोचायचं, एवढीच ती आयडिया.

(एक गंमत. माझ्याकडे एक जण दुपारी घरी शागुती-पाव दाबून चापून थेट पीआरपीला आला. नळी फिरवून काढली तर वरचं पिवळं पाणी ताकासारखं पांढरं! तेलकट जेवणाने रक्तात चरबी तरंगते, तीच ती. त्याला परत पाठवला, दुसऱ्या दिवशी हलका नाश्ता करून आला. तेव्हा जायच्या आधी जड जेवू नका, पाणी मात्र भरपूर प्या.)

आता फायदा होतो का. खरं सांगायचं तर मधलं उत्तर आहे. ज्यांचे स्वतःचे केस बारीक होत चाललेत पण अजून आहेत, त्यांच्यावर बरेच अभ्यास झालेत, त्यातले पुष्कळ लहान, प्रत्येकाची फिरवायची पद्धत वेगळी, काहींत केस दाट झालेले दिसले, काहींत विशेष फरक नाही. ट्रान्सप्लांटनंतरचे अभ्यास त्याहून कमी. काहींत खपल्या आणि लाली लवकर गेली, केस थोडे आधी दिसायला लागले असं आढळलं. पण ग्राफ्ट जगणार की नाही हे पीआरपीवर अडून नसतं, ते ऑपरेशनच्या टेबलावर ठरतं. ग्राफ्ट किती वेळ शरीराबाहेर राहिले, ओले ठेवले की सुकू दिले, लावणाऱ्याचा हात कसा होता, आणि मग पहिले दहा दिवस तुम्ही कसे वागलात. त्या दहा दिवसांत ते घट्ट बसतात. तुमचे बसलेत. पीआरपी हे खत आहे, मेलेलं रोप खताने उठत नाही आणि जगलेलं रोप खताशिवायही वाढतं. मागच्या बाजूने गरजेपेक्षा जास्त ग्राफ्ट खेचून जागा विरळ केली असेल तर तीही याने भरत नाही.

तुमच्या वयात मला ट्रान्सप्लांट केलेल्या केसांची काळजी कमीच वाटते, मधल्या जुन्या केसांची जास्त. मागचे केस पुढे आणले तरी ते मागच्यासारखेच टिकतात, हे न्यूयॉर्कच्या डॉ. ऑरेंट्राईच यांनी १९५९ मधेच मांडलं होतं. जुने केस मात्र त्यांच्या नशिबाप्रमाणे गळतच राहणार. काही वर्षांनी पुढे झुडूप आणि मागे मैदान असं दिसलं की माणसं ट्रान्सप्लांटला शिव्या देतात. त्यासाठी डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल आणि पुरुषांसाठी फिनास्टेराईडची १ मिलिग्रॅमची गोळी, यांच्यामागे पुरावा पीआरपीपेक्षा कितीतरी पक्का आहे. साइड इफेक्टबद्दल तुमच्या डॉक्टरशी मोकळेपणाने बोला, लाजू नका, आणि मगच सुरू करा. हे चालू असताना पीआरपी जोडीला घेतली तर जुन्या केसांना हातभार लागू शकतो.

माझं मत विचाराल तर सहाचे पैसे आगाऊ भरू नका. परवडत असेल तर महिन्याच्या अंतराने तीन घ्या, प्रत्येक वेळी त्याच जागेचा, त्याच उजेडात फोटो काढा, आणि सहा महिन्यांनी ठरवा पुढे घ्यायची का. परवडत नसेल तर नका घेऊ, काही बिघडत नाही. दुसरं मत हवं असेल तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) त्वचारोग विभाग आहे, तिथे दाखवा, तिथे कुणी पॅकेज विकायला बसलेलं नाही.

टोपाचं. दीड महिन्याने तुम्ही अकराव्या आठवड्यात असाल, घाला बिनधास्त. पण कपाळावर टोपाची कडा चिकटवायला जो गम लावतात तो लावलेल्या केसांच्या रेषेवर नको, आणि तो काढायला स्पिरिटने घासणं तर अजिबात नको. रंगपटवाल्याला आधीच सांगून ठेवा, पिनांनी बसणारा टोप बघतो का म्हणून. आत सुती टोपी, टोप सैल, आणि तिसरा अंक संपला की गप्पा मारत न बसता घरी जाऊन डोकं धुवा. त्या सुमाराला नवीन केस बाहेर येताना बारीक पुटकुळ्या येतात, त्या फोडायच्या नाहीत. दुखणं वाढत गेलं, पू आला, ताप आला तर मात्र नाटक राहू दे, आधी डॉक्टर.

प्रश्न: मुलाने बारा दिवसांपूर्वी केस लावून आणले. मी रोज म्हणते खोबरेल लाव, घरच्या नारळाचं आहे, ऐकत नाही. डॉक्टर, तुम्ही तरी सांगा त्याला. (फोंडा)

उत्तर: माई, यावेळी मुलगा बरोबर आहे. अजून थोडे आठवडे तेल नको, कारण तेल लावलं की ते चोळलं जातं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तेल, घाम आणि धूळ एकत्र आली की पुटकुळ्यांना आमंत्रण. त्याच्या डॉक्टरने सांगितलेला शांपू हलक्या हाताने, एवढंच. खोबरेल जपून ठेवा, तीन महिन्यांनी त्याच्या डॉक्टरला विचारून तुमच्याच हाताने लावा.

प्रश्न: मला पावसात डेंग्यू झाला, प्लेटलेट ४० हजारांवर गेले होते, आता बरा आहे. ट्रान्सप्लांट होऊन सात महिने झाले, पुढच्या आठवड्यात पीआरपीची तारीख आहे. प्लेटलेट वाढावे म्हणून पपईच्या पानांचा रस चालू ठेवलाय, जास्त प्लेटलेट म्हणजे पीआरपी जास्त स्ट्राँग ना? आणि आता सगळेच केस गळायला लागलेत, लावलेले पण. (पेडणे)

उत्तर: हा प्रश्न मला फार आवडला, कारण हिशेब चोख आहे, फक्त चुकीचा आहे. पीआरपीत प्लेटलेट वाढतात ते मशीनने गोळा केल्यामुळे, रस पिऊन नाही. तारीख पुढे ढकला. आधी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करा, प्लेटलेट नॉर्मल आलेत आणि अंगात ताकद आलीय हे बघा, मग जा. आणि डॉक्टरला डेंग्यू झाल्याचं सांगा, न विचारता सांगा, कारण बरेच जण विचारत नाहीत. रस आता बंद करा, तोंडाची चव तरी परत येईल.

केस गळतायत ते डेंग्यूमुळे. मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी खूपसे केस एकदम गळतात, लावलेले असोत की जुने, आणि बहुतेकांचे काही महिन्यांत आपणहून परत येतात. हे गळणं थांबवायला म्हणून पीआरपी घेतली आणि केस आले तर श्रेय पीआरपीला जाणार, खरं तर ते येणारच होते. अजून एक, पीआरपीच्या आधी आठवडाभर आणि नंतर काही दिवस आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या टाळतात, त्या प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात. दुखलं तर पॅरासिटामॉल. मात्र हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांना विचारायचं.

प्रश्न: आमच्या ओळखीच्या पार्लरमधे पीआरपी निम्म्या किमतीत करून देतात. आपलंच रक्त आपल्याला, त्यात धोका काय? (मडगाव)

उत्तर: रक्त आपलंच असेल तर धोका कमी, पण ते आपलंच आहे हे कशावरून? अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात एका स्पामधे चेहऱ्यावर पीआरपी करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं निघालं, पहिली केस २०१८ मधे कळली आणि २०२४ मधे तिथल्या सीडीसीने, म्हणजे सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, सविस्तर अहवाल दिला. स्पाला लायसन्स नव्हतं, नाव न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या फ्रीजमधे खाण्याच्या वस्तूंबरोबर ठेवलेल्या सापडल्या. फ्रीजचं वाचून मला दोन दिवस दही खाववलं नाही.

तेव्हा पार्लर नको. रक्त काढणं, सुया टोचणं हे डॉक्टरचं काम. ट्रान्सप्लांटबद्दल तर आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मधे साफ सांगितलंय की यूट्यूब बघून किंवा वर्कशॉप करून शिकलेलं पुरत नाही, आणि टेक्निशियनने मदत करायची, ऑपरेशन नाही. डॉक्टरकडे गेलात तरी डोळे उघडे ठेवा. किट तुमच्या समोर फोडलं पाहिजे, नळीवर तुमचं नाव तुमच्या देखत लिहिलं पाहिजे, आणि नळी घेऊन कुणी दुसऱ्या खोलीत गेलं तर तुम्हीही मागोमाग जा, वाईट दिसलं तरी चालेल.

प्रश्न: मी पायलट आहे, म्हापशात स्टँडवर गाडी लावतो. परवा ट्रान्सप्लांट झालं. हेल्मेटशिवाय धंदा नाही, पोलीस पण सोडत नाहीत. कधीपासून घालू? पीआरपीच्या दिवशी गाडी चालवली तर चालते का?

उत्तर: विमानवाले पायलट वाचत असतील तर त्यांनी गैरसमज करून घेऊ नये, आमच्याकडे मोटरसायकल टॅक्सीवाल्याला पायलट म्हणतात. भाऊ, हे ऑपरेशनच्या आधी विचारायला हवं होतं. हेल्मेट घालता-काढताना घासतं, आणि पहिल्या दहा दिवसांत ग्राफ्ट घासून निघू शकतो. म्हणून दोन आठवडे तरी हेल्मेट नाही, आणि हेल्मेट नाही म्हणजे गाडी नाही. हेल्मेटशिवाय हळू हळू चालवतो हा पर्याय मी ऐकलेला नाही असं समजा. दोन आठवडे भावाला, मित्राला स्टँडवर बसवा. नंतर तुमच्या सर्जनने बघून हो म्हटल्यावर सैल हेल्मेट, आत रोज धुतलेला सुती रुमाल, आणि गिऱ्हाईक नसताना काढून सावलीत बसायचं. समुद्रात डुंबणं आणि स्विमिंग पूल महिनाभर बंद, दुपारचं ऊन टाळा.

पीआरपीच्या दिवशी डोकं जड होतं, सुया टोचलेल्या जागा ठणकतात, बधिर करायचं इंजेक्शन दिलं असेल तर कपाळ किंवा पापण्या दुसऱ्या दिवशी जरा सुजतात, एक-दोन दिवसांत उतरतात. तो दिवस सुट्टी घ्या. शुक्रवार सोडून कुठलाही वार घ्या, बाजाराच्या दिवशी तुमचं भाडं बुडायला नको.