हात सेवा करतात, मन कुरकुरतं

प्रश्न: आमच्या चर्चच्या मंडळीतल्या अंथरुणाला खिळलेल्या एका आजींकडे मी तीन वर्षं आठवड्यातून दोनदा जाते. अंग पुसणं, केस विंचरणं, चादर बदलणं. सुरुवातीला आनंद वाटायचा. आता दाराशी पोचले की पोटात गोळा येतो. काहीही करा, खोट काढतात: पाणी गार आहे, चादरीला सुरकुती आहे. परवा केसांतला गुंता जोरात ओढला गेला. खरं सांगायचं तर मी ओढला. थकले म्हणून पाळकांना सांगितलं, तर म्हणाले, आपला क्रूस आपणच वाहायचा. मनात कळवळाच उरला नसेल तर ही सेवा म्हणजे ढोंग नाही का?

उत्तर:

ताई,

'ओढला गेला' यावर तुम्ही थांबला नाहीत, 'मी ओढला' असं लिहिलंत. हा प्रामाणिकपणा मोठा आहे, पण म्हणून ती गोष्ट मी सोडून देणार नाही. आजी उठून जाऊ शकत नाहीत. कुणाला सांगितलं तर 'एवढं करते बिचारी' हेच त्यांना ऐकावं लागेल. तेव्हा पुढच्या वेळी गेल्यावर आधी त्यांची माफी मागा. परवा माझा हात जोरात लागला, चुकलं माझं, एवढंच. कारणं देऊ नका. आणि पुन्हा हात तसा जाईल असं वाटलं तर त्या दिवशी कंगवा खाली ठेवा. एक दिवस केस विंचरले नाहीत म्हणून काही बिघडत नाही.

आता ढोंगाचं. बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २१व्या अध्यायात दोन मुलांचा दाखला आहे. बाप द्राक्षमळ्यात जायला सांगतो. एक तोंडावर नाही म्हणतो, मग पस्तावून जातो. दुसरा हो म्हणतो आणि जातच नाही. बापाच्या मनासारखं केलं ते पहिल्यानं. मळ्यात काम करताना त्याचा चेहरा कसा होता, हे येशूनं विचारलेलं नाही. त्यामुळे तुम्ही ढोंगी नाही, थकलेल्या आहात. पण थकव्याकडे काणाडोळा केला की तो हातात उतरतो, हे तुम्ही पाहिलंतच.

लूकच्या १०व्या अध्यायातला चांगला शोमरोनी आपण सगळे जाणतो. लुटारूंनी मारून वाटेत टाकलेल्या माणसाला याजक आणि लेवी (मंदिरातला सेवक) बगल देऊन जातात, हा शोमरोन प्रांतातला परका माणूस थांबतो, त्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो. उपदेश बहुधा इथंच संपतो (कदाचित पुढचा भाग फारच व्यावहारिक वाटत असावा!). दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो, म्हणजे दोन दिवसांची मजुरी. याची काळजी घे, जास्त खर्च आला तर परत येताना देईन, असं सांगतो. जखमी माणूस अजून बरा झालेला नाही, तरी दुसऱ्याच्या हाती सोपवतो. आणि याच माणसाकडे बोट दाखवून येशू म्हणतो, जा, तूही तसंच कर. या 'तसंच'मध्ये उतारशाळेचा मालकही आला. तुम्ही तीन वर्षं शोमरोनी आणि मालक, दोघांचंही काम एकट्या करताय.

पाळकांचं म्हणणं मला पटलं नाही. क्रूसाचाच दाखला द्यायचा तर प्रभूचा क्रूस वाहायलाही शिमोन नावाच्या एका कुरेनेकर वाटसरूला लावलं होतं. आणि यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर सुरू झाली तेव्हा प्रेषितांनी कुणाला सहनशीलतेचा उपदेश केला नाही, त्या कामासाठी सात माणसं नेमली.

आजींबद्दलही एक सांगते. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय हाका मारत होता. त्याला काय हवं ते दिसतच होतं, तरी येशूनं विचारलं, मी तुझ्यासाठी काय करू? तुम्ही आजींना हे शेवटचं कधी विचारलंत? ज्या बाईच्या हाती आता पाणी आणि चादर एवढ्याच गोष्टींवर बोलणं उरलंय, ती त्यांवरच बोलणार. कदाचित त्यांना केस विंचरून नको असतील, स्तोत्र वाचून हवं असेल, किंवा कुणासाठी तरी प्रार्थना करायची असेल. तुमच्यासाठी प्रार्थना करायला सांगून बघा. सतत घेत राहणं सोपं नसतं. पाय धुवायला प्रभू पुढे आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र यानंही आधी नकारच दिला होता. आणि पाणी गार आहे म्हणाल्या तर एकदा हात घालून बघा, खरंच गार असेल.

पाळकांना पुन्हा भेटा. या वेळी 'थकले' म्हणू नका, 'आठवड्यातल्या दोन फेऱ्यांपैकी एक कोण घेईल?' असं विचारा, म्हणजे उपदेशाऐवजी नाव द्यावं लागेल. नवीन बाईसोबत पहिल्यांदा स्वतः जा, आजींची ओळख करून द्या, औषधं आणि कपडे कुठं असतात ते दाखवा. मग दोन आठवडे सुट्टी घ्या, पण आपण परत कधी येणार ते आजींना सांगून जा.