बुद्धिबळाची पहिली टुर्नामेंट आहे ना, मग ओपनिंगची (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींची) पाठांतरं सध्या बाजूला ठेव

पाच ओपनिंग अर्धवट येण्यापेक्षा एक नीट येऊ दे. पांढऱ्याकडून इटालियन नावाची ओपनिंग घे, प्यादं ई४ वर, मग घोडा एफ३, उंट सी४, आणि लगेच कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) करून मोकळा हो. त्यापुढच्या व्हेरिएशन्स (वेगवेगळ्या फाट्यांच्या चाली) आत्ता नकोतच.

लहान गटात हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे, तू काळ्याकडून असताना, त्याचं ई४ आणि तुझं ई५ झालं की समोरचा थेट वजीर एच५ वर आणतो. घाबरून जी६ खेळलास की वजीर ई५ चं प्यादं खातो, वर शह, आणि कोपऱ्यातला हत्तीही गेलाच. म्हणून आधी तुझा घोडा सी६, मग त्याने उंट सी४ वर आणला की जी६, वजीर एफ३ वर गेला तर घोडा एफ६, बस, आता पळापळ त्याची. तू स्वतः मात्र हे वजीरवालं खेळू नकोस, चांगल्या पोरांपुढे चालत नाही.

बाकी चुका नेहमीच्याच:
- तोच मोहरा परत परत हलवणं
- कडेची प्यादी उगाच ढकलणं
- विचार न करता मोहऱ्याला हात लावणं, कारण हात लावला की तोच हलवावा लागतो

आणि घड्याळात वेळ असतो रे, वापर की तो!