रिपोर्टच्या आधीचे दोन आठवडे

प्रश्न : आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) भ्रूण गर्भाशयात सोडून ६ दिवस झाले. रोज घरी प्रेग्नन्सी टेस्ट करते आणि रडते. नवरा विषयच टाळतो. सासूबाई रोज विचारतात, “काही कळलं का गं?”

उत्तर : ती टेस्ट आधी कपाटात ठेवा. अंडी काढण्याआधी एचसीजीचं (प्रेग्नन्सी टेस्ट जे संप्रेरक शोधते, त्याचं) इंजेक्शन दिलं असेल, तर त्याचा अंश १०-१४ दिवस शरीरात राहून खोटी दुसरी रेघ उमटू शकते. आणि सहाव्या दिवशी एकच रेघ आली, तरी त्यावरून काही ठरत नाही. खरं काय ते बीटा-एचसीजीच्या रक्ततपासणीत कळेल. स्तन दुखणं, पोट फुगणं, सुस्ती, मन उदास होणं हे गर्भ टिकावा म्हणून दिलेल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या औषधानंही होतं. रक्ताचा डाग दिसला तरी डॉक्टरांना न विचारता ते औषध थांबवू नका. दिवसभर पडून राहण्याचा तर काहीच फायदा नाही.

नवऱ्याची चुप्पी बहुधा भीतीची असते. रात्री जेवणानंतर २० मिनिटं याच विषयाला द्या, मग विषय बंद. सासूबाईंना उत्तर मुलानंच द्यावं : “आई, तपासणी अमुक तारखेला आहे. कळलं की मीच सांगेन.” रिपोर्टचा फोन ऑफिसात घेऊ नका, संध्याकाळी दोघं मिळून पाहा. समुपदेशन देणं आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१च्या कायद्यानं क्लिनिकला बंधनकारक आहे, ते मागून घ्या. झोपच उडाली असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.