समोरचा डीम करत नाही, तेव्हा

ऊसतोड सुरू झाली की रात्रीच्या गाडीबद्दलची पत्रं वाढतात. यंदाही त्याच विषयावरची चार पत्रं या अंकात घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिलीय, कारण सांगली-कोल्हापूर भागात रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचं ते दुखणं आहे. नवीन वाचकांसाठी माझी ओळख एवढीच: एसटीत चालक होतो, पुढे चालक-प्रशिक्षक झालो आणि तिथूनच निवृत्त झालो.

प्रश्न : मी कुरुंदवाडला शिकवणी घेते आणि रात्री आठनंतर एकटीच जयसिंगपूरला परत येते. गाडी छोटी आहे. समोरून फुल्ल लाईटची गाडी आली की दोन-तीन सेकंद मला काहीच दिसत नाही. परवा असाच लाईट अंगावरून गेला आणि एकदम पुढ्यात उसाची ट्रॉली. मागे लाल दिवा नाही, रेडियम नाही. कशीबशी थांबले. भावाने पिवळ्या काचेचा चष्मा आणून दिलाय, तो वापरू का? आणि समोरचा डीम करतच नसेल तर मीही अप्पर मारावा का?
— एक शिक्षिका, जयसिंगपूर

उत्तर : बाई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. अप्पर, म्हणजे फुल्ल लाईट, मारायचा तर एकदाच, आणि समोरची गाडी लांब असतानाच. क्षणभर अप्पर देऊन लगेच डीम, म्हणजे खालचा झोत. समोरच्याला भान आलं तर तो डीम करेल. नाही केलं तर तो विषय तिथेच सोडा. चिडून तुम्हीही फुल्ल लाईट धरून ठेवलात तर दोन्ही गाड्यांचे चालक आंधळे होतात. तोवर निदान त्याला तरी रस्ता दिसत होता.

आता ट्रॉली. डोळा उजेडाला चटकन सरावतो, अंधाराला मात्र फार हळू. सिनेमागृहात उशिरा शिरल्यावर खुर्ची चाचपत जावं लागतं, तेच रस्त्यावर होतं, फक्त इथे तुम्ही ताशी साठाने पुढे सरकत असता. साठाच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, ऐंशीने २२. म्हणजे ऐंशीवर दोन सेकंद दिसलं नाही तर ४४ मीटर रस्ता तुम्ही न बघता कापला. साध्या गाडीच्या डीमचा कामाचा उजेड पडतो तो ४०-५० मीटर. ऐंशीने जाणारी गाडी, माणसाला सुचायचा वेळ धरून, कोरड्या रस्त्यावरही थांबायला साधारण ७० मीटर घेते. डीमवर ऐंशीने जाताय याचा अर्थच असा, की जे दिसेल ते दिसल्यावर थांबता येणार नाही. समोरून लाईट आला नाही तरीसुद्धा. तुमच्या त्या दुभाजक नसलेल्या रस्त्यावर रात्री ५० च्या वर काटा जाऊ देऊ नका. पन्नासला गाडी ३५ मीटरच्या आसपास थांबते, म्हणजे उजेडाच्या आत.

लाईट दिसला की पहिलं काम पायाचं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, लाईट अंगावर यायच्या आधी. बहुतेक लोक डोळे दिपल्यावर ब्रेक लावतात, आणि मागून येणारा त्यांना ठोकतो. दुसरं काम नजरेचं. समोरच्या दिव्याकडे बघायचंच नाही. नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर न्यायची, पट्टी नसेल तर डांबर संपून माती सुरू होते त्या कडेवर. आपल्याकडे डावीकडून चालायचा नियम असल्यामुळे गाडीच्या डीमचा झोत डावीकडे मुद्दाम थोडा लांब आणि वर टाकलेला असतो. त्यामुळे डावी कड तुम्हाला सगळ्यात लांबपर्यंत दिसते. जुने चालक एक डोळा मिटून घ्यायचे, तो डोळा अंधाराला सरावलेला राहावा म्हणून. मी हे कुणाला शिकवलं नाही, आजही शिकवणार नाही. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो, आणि ट्रॉलीच्या बाबतीत सगळा खेळ अंतराचाच आहे.

सगळ्यात धोक्याचं काय, तर समोरची गाडी शेजारून निघून गेल्यानंतरचा क्षण. हायसं वाटतं आणि पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. पण डोळा अजून परत आलेला नसतो. दोन श्वास थांबा. आणि त्याआधी, गाड्या समोरासमोर असताना, दोन्ही बाजूंच्या झोतांच्या मध्ये, रस्त्याच्या ऐन मध्यावर उभा असलेला माणूसही पूर्ण नाहीसा होतो. रस्ता ओलांडणाऱ्याला वाटतं, मी एवढ्या उजेडात आहे, मला तर सगळे बघताहेत.

ट्रॉली ओळखायच्या काही खुणा सांगतो. रस्त्यावर उसाची कांडी आणि पाचट पडलेलं दिसायला लागलं, की पुढे ट्रॅक्टर आहे असं समजा. काच थोडी खाली ठेवा. ट्रॅक्टरवरची गाणी ट्रॅक्टरच्या आधी पोचतात. (त्या स्पीकरवर मी एरवी पुष्कळ चिडलोय, पण रात्रीच्या रस्त्यावर त्यांचा उपयोग होतो हे खरं.) समोरून येणाऱ्या गाडीचा एक दिवा मध्येच झाकला गेला किंवा ती उगाचच उजवी-डावी झाली, तर तुमच्या आणि तिच्या मध्ये काहीतरी आहे. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील तर पहिली दिसली म्हणून ओव्हरटेक काढू नका, पुढे दुसरी असते. आणि तुमच्या शिकवणीत ऊसवाल्यांची पोरं असतीलच. त्यांच्या वडिलांना निरोप द्या, की ट्रॉलीच्या मागच्या फळीवर दोन्ही टोकांना लाल रेडियम लावा. एका टोकाला लावलं तर मागच्याला ती मोटारसायकल वाटते.

पिवळा चष्मा भावाला परत द्या. कुठलीही रंगीत काच येणारा उजेड कमीच करते. समोरचा लाईट सौम्य वाटतो, कारण सगळंच अंधूक होतं. त्यात काळ्या कपड्यातला पायी माणूसही गेला. २०१९ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या नेत्रसंशोधकांनी गाडी चालवायच्या सिम्युलेटरवर हे तपासलं. पिवळ्या काचांनी पादचारी लवकर दिसायला काहीच मदत झाली नाही. तुम्हाला नंबर असेल, अगदी अर्ध्याचा असला तरी, तो चष्मा रात्री गाडीत लावा, आणि काच परावर्तन कमी करणाऱ्या कोटिंगची घ्या. त्या खर्चाचा उपयोग होतो.

शेवटी काच. गाडीची पुढची काच आतून कधी पुसली होती? बाहेरून सगळे पुसतात. डॅशबोर्डचं प्लॅस्टिक उन्हात तापलं की त्याची वाफ काचेवर आतून बसते आणि एक तेलकट थर धरते. गाडीत उदबत्ती लावायची सवय असेल तर विचारूच नका. दिवसा हा थर दिसत नाही, रात्री मात्र समोरचा प्रत्येक दिवा त्यावर पसरतो. स्वच्छ ओल्या फडक्याने आतून पुसा, मग कोरड्या वर्तमानपत्राने घासा. फडकं काळं झालेलं बघून तुम्हीच चकित व्हाल. वायपरचं रबर कडक होऊन काचेवर अर्धगोल ओरखडे पडले असतील तर मात्र पुसून काही होणार नाही. रबर वेळेवर बदलणं हा काही रुपयांचा खर्च, काच बदलणं हा काही हजारांचा.

प्रश्न : माझी २०१४ ची हॅचबॅक आहे. लाईट फार मंद वाटायचा म्हणून दुकानातून पांढरे एलईडी बल्ब बसवून घेतले. मला आता मस्त दिसतं, पण समोरचे सगळे मला डिपर देतात, एकाने तर खाली उतरून शिव्या घातल्या. मी डीमवरच असतो. दुकानदार म्हणतो, बल्ब चांगलेच आहेत, लोकांना सवय नाही. माझं वय २४.
— बारामती

उत्तर : शिव्या घालणाऱ्याची बाजू घेतोय, राग मानू नकोस. तुझ्या गाडीचा दिवा हॅलोजन बल्बसाठी बनवलेला आहे. असल्या गाड्यांत बहुतेक एच-फोर बल्ब असतो. त्याच्या आत दोन तारा असतात, एक अप्परची, एक डीमची. डीमच्या तारेखाली इवलीशी पत्र्याची वाटी असते. ती काय करते, तर रिफ्लेक्टरच्या (दिव्यातल्या चकचकीत आरशाच्या) खालच्या अर्ध्या भागावर उजेड पडू देत नाही, कारण तिथून उसळलेला उजेड सरळ वर, समोरच्याच्या डोळ्यात जातो. बल्बच्या बुडाला तीन कान असतात, म्हणजे ती वाटी बरोबर खालीच बसते. रिफ्लेक्टरची सगळी वळणं त्या तारेची जागा धरून आखलेली आहेत.

तू बसवलेल्या बल्बमध्ये तार नाही. पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिप असतात आणि त्या तारेच्या नेमक्या जागी क्वचितच येतात. उजेड भरपूर, पण आखणी गेली. तुला 'मस्त दिसतं' कारण बोनेटच्या पुढचे दहा-पंधरा मीटर लख्ख होतात. लांबचं खरं तर पहिल्यापेक्षा कमी दिसतं, कारण जवळच्या झगमगाटाला डोळा सरावतो. पावसात एकदा नीट बघ, तुझं तुलाच कळेल.

कायदाही दुकानदाराच्या बाजूने नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ सांगतो, की दिव्यापासून ८ मीटरवर, रस्त्यापासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे त्याला दिपवता कामा नये. गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला ५,००० रुपयांचा भुर्दंड मालकावर येऊ शकतो, कैदेचीही तरतूद आहे. आणि गाडीचा मालक दुकानदार नाही, तू आहेस.

मूळ तक्रार मात्र खरी असणार. दहा वर्षांच्या गाडीचा लाईट मंद होतोच, आणि त्याला बल्ब सोडून बाकीच कारणं जास्त असतात. दिव्याचं प्लॅस्टिक उन्हाने पिवळं पडलं असेल तर पॉलिश करून घे. होल्डर आणि अर्थिंगची टोकं गंजली की बल्बपर्यंत पूर्ण करंट पोचत नाही, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे. मग चांगल्या कंपनीचा ६०/५५ वॉटचाच हॅलोजन घाल, दोन्हीकडचा एकदम. १००/९० चा घालू नकोस. जास्त करंट ओढून तो होल्डर वितळवतो आणि रिफ्लेक्टरची चकाकी घालवतो.

नंतर भिंतीची परीक्षा कर. सपाट जागी, टायरमध्ये हवा बरोबर असताना, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी कर आणि कुणाला तरी चालकाच्या जागी बसव. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मार. डीमच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली हवी, डावीकडे मात्र ती चढत गेलेली दिसेल. वर असेल तर दिव्यामागचा स्क्रू फिरवून खाली आणतात.

स्टिअरिंगच्या उजव्या हाताला ०, १, २, ३ लिहिलेलं एक चाक असतं, ते तुझ्या गाडीत आहे का बघ. दिवाळीत मागे तीन माणसं आणि डिकीत सामान भरलं, की गाडीचं नाक वर होतं आणि डीमसुद्धा अप्परसारखा लागतो. ते चाक त्यासाठी आहे. भार वाढला की आकडा वाढवायचा. माझ्या माहितीतल्या निम्म्या गाडीमालकांना ते कशासाठी आहे ठाऊक नाही, आणि त्यात माझे दोन्ही मेहुणे आले.

प्रश्न : वय ६३. दोनेक वर्षांपासून रात्री समोरच्या दिव्याभोवती कडी दिसतात आणि लाईट गेल्यावर बराच वेळ काही सुधरत नाही. दिवसा पेपर व्यवस्थित वाचतो. घरचे म्हणतात, रात्रीची गाडी बंद करा. मुंबईला मुलाकडे जाणं-येणं असतं.
— चिपळूण

उत्तर : साहेब, आधी डोळ्यांचे डॉक्टर, मग गाडी. वयाबरोबर बाहुली लहान होते आणि डोळ्यातलं भिंग पिवळट होतं. विशीतल्या डोळ्याच्या मानाने साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर साधारण तिसरा हिस्साच उजेड पोचतो. त्यात मोतीबिंदू धरू लागला की आत शिरलेला उजेड विखुरतो, तुमची ती कडी त्यातूनच आलेली असू शकतात. दिवसा पेपर वाचता येतो यावरून काही ठरत नाही. दवाखान्यात नुसतं 'कमी दिसतं' म्हणू नका. 'रात्री समोरच्या लाईटने त्रास होतो' असं स्पष्ट सांगा. मधुमेह असेल तर तेही सांगा आणि पडदा तपासून घ्या. बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, त्यामुळे त्या दिवशी गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या.

शस्त्रक्रिया करायची ठरली तर भिंग निवडायच्या आधी रात्री गाडी चालवता हे डॉक्टरांच्या कानावर घाला. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल भिंगात काहींना रात्री दिव्याभोवती कडी दिसतात. तुम्ही त्यापासूनच सुटायला निघालाय.

तोवर घरच्यांचं ऐका. मुंबईला पहाटे उजाडल्यावर निघा, दिवस मावळायच्या आत पोचा. पावसाळ्यात तर नक्कीच, कारण ओला डांबरी रस्ता तुमचा उजेड पुढे ढकलून देतो आणि समोरच्याचा तुमच्या डोळ्यात आणतो.

प्रश्न : पुणे-बंगळूर महामार्गावर समोरच्यापेक्षा मागच्याचा त्रास जास्त. उंच गाड्या मागे चिकटतात आणि आरशातून लाईट मारतात. उपाय?
— सातारा

उत्तर : आतल्या आरशाच्या खाली एक छोटी कळ असते, ती पुढे-मागे करा. आरशाची काच पाचरीच्या आकाराची असते. कळ फिरवली की पाठीमागचा चकचकीत मुलामा छताकडे बघतो आणि तुम्हाला फक्त आरशाच्या काचेच्या पुढच्या बाजूवरचं प्रतिबिंब दिसतं, साधारण चार टक्के उजेडाचं. मागची गाडी कळते, डोळे दिपत नाहीत. बाहेरच्या आरशांना बहुतेक गाड्यांत ही सोय नसते. ते थोडे बाहेर वळवले तर झोतही टळतो आणि शेजारची लेनही जास्त दिसते.

समोरच्याचं म्हणाल, तर दुभाजकात कण्हेर लावतात ती याचसाठी. जनावरं तिला तोंड लावत नाहीत, पाणी फार लागत नाही, आणि वाढली की पलीकडचा लाईट अडतो. जिथे झाडं मेलीत किंवा क्रॉसिंगसाठी दुभाजक फोडलाय, तिथे लाईट एकदम येतो. रोजचा रस्ता असेल तर त्या जागा लक्षात ठेवा.

मागच्याला वाट द्या. डावा इंडिकेटर देऊन डावीकडची लेन धरा आणि त्याला जाऊ द्या. ब्रेक दाबून त्याला धडा शिकवायला जाऊ नका.

पुढच्या अंकात घाटातल्या ब्रेकबद्दलची पत्रं घेणार आहे. लिहिताना गाडीचं साल आणि ब्रेकचं शेवटचं काम कधी झालं तेवढं कळवा, म्हणजे उत्तर नेमकं देता येईल.